घरभेद्याला अभय

आबासाहेबांच्या मसाल्याच्या कारखान्यात तिखटात विटेची भुकटी मिसळतात, ही बातमी कुणीतरी सरकारी तपासनिसाला दिली आणि भरदुपारी गोदामाला सील लागलं. आबासाहेब खवळले. सगळ्या कामगारांना पटांगणात जमवून त्यांनी माइक हातात घेतला.

"हा घरभेदी कोण? नाव सांगा!"

प्रयोगशाळेतल्या हेमलताचं डोकं जोरात पळत होतं. ती म्हणाली, "आबासाहेब, नाव सांगणाऱ्यालाच उद्या चुगलखोर म्हणून हाकललंत तर? तोंड कोण उघडेल?"

"हाकलतोय कशाला? नाव सांगणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्याची नोकरी कायम!"

"तो कुणीही असला तरी?"

"कुणीही असला तरी! कुलस्वामिनीची शपथ!"

भोंग्यातून शपथ पार वेशीपर्यंत घुमली. हेमलता पदर खोचून पुढे झाली.

"मग ऐका. बातमी देणारी हेमलता कोष्टी. आणि तिचं नाव सांगणारीही मीच!"

पटांगण टाळ्यांनी दणाणलं. आबासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्या कारखान्यात बिनभेसळीचा लाल रंग पहिल्यांदाच दिसला.