फुलपात्रातले चिंचोके

तालुक्याच्या एका गावी बोलायला शिकवणारे एक मंडळ होते. आता बोलायला काय शिकायचे, ते तर सगळ्यांनाच येते, असे तुम्ही म्हणाल. पण चारचौघांत उभे राहिले की भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर हौशी मंडळी जमत. बियाणांचे दुकानदार, शाळामास्तर, निवृत्त तलाठी, एकेकजण उठे, भाषण करी आणि घाम पुसत खाली बसे.

त्या मंडळाची एक रीत होती. टेबलावर पितळेचे फुलपात्र आणि मूठभर चिंचोके ठेवलेले असत. बोलणारा अडखळून 'अं' म्हणाला, किंवा उगाच 'म्हणजे, म्हणजे' करू लागला, की गुणदोष सांगणाऱ्याने एक चिंचोका फुलपात्रात टाकायचा. टण् असा आवाज होई आणि बोलणारा सावध होई. वेळ संपली की अध्यक्ष घंटा वाजवत. मग चिंचोके मोजायचे आणि भाषणात काय चुकले ते सर्वांसमोर सांगायचे. आणखी एक नियम फार कडक होता. घंटा होईपर्यंत बोलणाऱ्याला कुणी मध्ये तोडायचे नाही.

गुणदोष सांगण्याचे काम त्रिंबकराव राजहंसांचे. कोर्टात कारकुनी केलेला माणूस, त्यात आडनाव राजहंस. दूध वेगळे आणि पाणी वेगळे करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. माडीवर ते असे कान देऊन ऐकत की एक 'अं' त्यांच्या तावडीतून सुटत नसे. मोठमोठे बोलके लोक त्यांच्यापुढे उभे राहायला कचरत. त्रिंबकरावांना याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

घरी मात्र उलटी गत होती. त्यांच्या पत्नी कावेरीबाई बोलू लागल्या की त्रिंबकरावांना पहिल्या वाक्यातच चुका दिसत.

"अहो, ऐकताय का? म्हणजे झालं काय, परवा जिना चढताना..."

"कावेरी, आधी मुद्दा सांग. पाल्हाळ नको."

मुद्दा शोधता शोधता कावेरीबाईंचा धीर सुटे. "काही नाही, चहा ठेवते," असे म्हणून त्या आत जात. त्रिंबकराव वाईट नव्हते हो. त्यांनी बायकोवर कधी आवाज चढवला नाही, तिला काही कमी पडू दिले नाही. फक्त तिचे एक वाक्य त्यांनी कधी पुरे होऊ दिले नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनाला सभासदांच्या घरच्यांना बोलावत. त्या दिवशी गंमत म्हणून घरच्यांनी चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्या विषयावर आयत्या वेळी बोलायचे. बहुतेक बायका पदराआड हसत आणि नको नको म्हणत. त्या वर्षी अध्यक्षांनी विचारताच कावेरीबाई आपण होऊन उठल्या. त्रिंबकराव चकितच झाले. पण मनातून त्यांना बरे वाटले. त्यांनी चिंचोके जवळ ओढून घेतले.

चिठ्ठी निघाली, 'माझी आवडती भाजी'. सभेत हशा पिकला.

कावेरीबाईंनी टेबलाची कड धरली. "मला शेपू आवडतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे, यांना आवडत नाही, पण मला आवडतो. बाजारातून मी जुडी आणते. पण आता, म्हणजे, आणवत नाही."

टण्. टण्.

"आमचा जिना आहे ना, त्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागतं. अं... छातीत धरल्यासारखं होतं. डाव्या हातात कळ जाते. यांना सांगायचं रोज म्हणते. म्हणजे, सांगायला जाते, पण..."

टण्. टण्. नवऱ्याची तक्रार म्हटल्यावर बायका खुदखुदल्या, आणि त्यांचे नवरेही हसले. सगळ्यांना वाटले, पहिल्यांदाच बोलणारी बाई काय रंगवून सांगते आहे. कावेरीबाई थांबल्या. त्यांनी त्रिंबकरावांकडे पाहिले. त्रिंबकरावांचे डोळे फुलपात्राकडे होते. इतक्यात घंटा झाली. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत कावेरीबाईंचे ओठ हलत राहिले. त्या आणखी काहीतरी म्हणाल्या आणि मग जागेवर जाऊन बसल्या. त्रिंबकराव तेव्हा फुलपात्र हातावर उपडे करून चिंचोके मोजत होते.

मग ते उठले. त्या दिवशी त्यांची जीभ फार सुंदर चालली. "विषय भाजीचा होता," ते म्हणाले. "पण वक्त्या बाजारातून जिन्यात शिरल्या आणि जिन्यातून छातीत. हे विषयांतर झालं. आवाज खाली, नजर खाली. आणि मुख्य म्हणजे शेवट नाही. पायरीवर बसलेल्या त्या बाईचं पुढे झालं काय, हे श्रोत्यांना कळायला नको?" सभा पोट धरून हसली. कावेरीबाईही थोड्या हसल्या.

घरी जाताना त्रिंबकराव खुशीत होते. "पहिलं भाषण म्हणून ठीक होतं. फक्त घंटा झाली की थांबायचं. तू नंतरही बोलत होतीस."

"हो, चुकलंच माझं." थोडे चालून गेल्यावर कावेरीबाईंनी विचारले, "पण तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"शब्द न् शब्द ऐकला."

ऐकले आहे, म्हणजे आता हे काहीतरी म्हणतील, अशी कावेरीबाईंनी वाट पाहिली. घर आले. त्रिंबकराव भराभर जिना चढून वर गेले आणि दिवा लावून कपडे बदलू लागले. बराच वेळ झाला तरी बायको वर येईना.

"अगं, येतेस ना?" त्यांनी वरूनच हाक मारली.

"येते," मधल्या पायरीवरून आवाज आला.

पुढे महिनाही गेला नसेल. बाजाराच्या दिवशी कावेरीबाई त्याच पायरीवर कोसळल्या. पिशवीतली भाजी जिनाभर पसरली. शेजाऱ्यांनी गाडी करून त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, इतके दिवस दुखत होतं, तर कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," कावेरीबाई म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्रिंबकराव खाटेच्या कडेला बसले. त्यांना भाजी आठवली, जिना आठवला, सभेतला हशा आठवला. "कावेरी, तू ते खरंच सांगत होतीस? मग घरी का नाही बोललीस?"

कावेरीबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्रिंबकरावांना बरे वाटले असते. "घरी तुम्ही मध्येच थांबवता," त्या म्हणाल्या. "तिथं कुणाला थांबवता येत नाही, असा नियम आहे ना. म्हणून तिथं बोलले."

त्रिंबकराव म्हणाले, "आता सांग. सगळं सांग. मी बसलोय." पण कावेरीबाईंना धाप लागली होती. त्यांनी फक्त नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. पहाट होण्याआधी त्या गेल्या.

मंडळाने वाचनालयाच्या माडीवर शोकसभा ठेवली. टेबलावर सवयीने कुणीतरी फुलपात्र आणि चिंचोके मांडले होते. नंतर ते उचलायचा कुणाला धीर झाला नाही. शेवटी त्रिंबकराव उठले. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढणारा तो माणूस उभा राहिला आणि त्याला शब्द सापडेना.

"कावेरी... म्हणजे, आमची ही..." ते थांबले. "अं... म्हणजे..."

चिंचोक्यांकडे कुणाचाही हात गेला नाही. तेव्हा त्रिंबकरावांनी स्वतःच एक चिंचोका उचलला आणि फुलपात्रात टाकला. टण्. त्या आवाजाने ते स्वतःच दचकले.

"त्या दिवशी मी हे मोजत होतो," ते म्हणाले. "किती पडले ते मला आजही पाठ आहे. पण घंटा झाल्यावर ती आणखी काहीतरी बोलली. शेवट नाही म्हणून मी तिला नावं ठेवली, तो शेवट तिने सांगितला होता. मी ऐकला नाही." त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. हात जोडले. "तुम्ही सगळे इथंच होतात. ती काय म्हणाली, तुमच्यापैकी कुणी ऐकलं का हो?"

दुकानदारांनी तलाठ्यांकडे पाहिले. तलाठ्यांनी मास्तरांकडे पाहिले. सगळेजण त्या दिवशी टाळ्या वाजवत होते. अध्यक्षांनी मान खाली घातली. त्रिंबकराव बराच वेळ तसेच हात जोडून उभे राहिले. वेळ संपली होती, पण घंटा कुणी वाजवली नाही.

तात्पर्य: आपलं माणूस बोलू लागलं, तर ते कसं बोलतं हे तपासत बसू नये, काय सांगतं ते ऐकावं, कारण तेच बोलणं पुन्हा ऐकायला मिळेल, याची खात्री कुणालाच नसते.