उसने पाट

एकदा एका गावातल्या सेवामंडळाने गावासाठी सभागृह बांधले. गुळगुळीत फरशी, पंखे, खेळायला कॅरम, वाचायला मासिके, बसायला दोनशे खुर्च्या. मंडळाचा अध्यक्ष एक व्यापारी होता. तीन वर्षे उन्हातान्हात उभे राहून त्याने ते काम करून घेतले होते. उद्घाटनाला सारा गाव लोटला, पेढे खाऊन गेला, आणि नंतर कोणी तिकडे फिरकलेच नाही.

चार महिन्यांनी व्यापारी मठातल्या वृद्ध गुरुजींकडे आला. "महाराज, अमावास्येपर्यंत वाट पाहणार. मग तिथे धान्याची पोती लावायची, असा ठराव झालाय. गावाला नकोच असेल तर..."

गुरुजी म्हणाले, "पौर्णिमेला तिथे सत्यनारायण करू. पाट मात्र घरोघरून मागून आणू."

"पाट? अहो, एवढ्या खुर्च्या आहेत की!"

"असू देत."

गुरुजींचा शिष्यही गोंधळला, पण घरोघर फिरला. पंचवीस पाट जमले. आपल्याकडे पाटाच्या मागे घराचे नाव रंगवलेले असते, आणि कार्य झाले की पाट पुसून ज्याचा त्याला पोचता करायचा असतो. म्हणून पूजा झाली, पंगत उठली, तसा शिष्य पाट पुसू लागला. गुरुजी म्हणाले, "राहू देत इथेच. आणि दाराला कुलूप घालू नकोस."

उसनी वस्तू ठेवून घ्यायची? गुरुजींना वयोमानाने विसर पडू लागला की काय, असे शिष्याच्या मनात येऊन गेले. दोन दिवस तो लोकांची नजर चुकवून फिरला.

तिसऱ्या दिवशी शिष्य सभागृहाची पायरी झाडत होता, तोच गावातल्या द्वारकाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय रे ब्रह्मचाऱ्या, माझा पाट कुणाच्या लग्नात आहेर केलास की काय? उद्या शुक्रवार, माझ्याकडे सवाष्ण जेवायची आहे."

"आत आहे, काकू. तुम्हीच बघून घ्या ना."

काकू पाट उलटून नावे वाचू लागल्या. तेवढ्यात शेजारीण आली, मागोमाग तिचे सासरे.

"हा डगमगतोय, म्हणजे तुमचाच!"

"आमचा नव्हता हो डगमगत! तुमचे जावई बसले होते त्यावर, तेव्हापासूनचं आहे हे."

सगळे हसले. कोणीतरी पंखा लावला. सासऱ्यांनी सहज कॅरमची एक सोंगटी मारून पाहिली. काकूंना आपला पाट सापडला. तो मांडून त्या घटकाभर टेकल्या, त्या दिवेलागणीलाच उठल्या.

"काकू, पाट?" शिष्याने विचारले.

"राहू दे रे. उद्या सवाष्णीलाच इथे जेवायला आणते. वारा किती छान येतोय!"

पोत्यांसाठी जागा मोजायला आलेला व्यापारी दारातच थबकला होता. गुरुजी तिथे आले, तसा तो म्हणाला, "महाराज, मला काही कळेनासं झालंय. मी एवढं दिलं, तेव्हा कोणी आलं नाही."

गुरुजी म्हणाले, "तू दिलेस, गावाने घेतले, आणि ते तेवढ्यावरच संपले. परक्याच्या घरी माणूस अंग चोरून बसतो. जिथे आपली एखादी वस्तू असते, तिथे तो न बोलावता येतो. देण्यात तू चुकला नाहीस, बाळा. मागायला मात्र लाजलास."

व्यापारी पाटांची रांग पाहत राहिला. जाता जाता काकूंनी त्याला टोकले, "शेटजी, सगळ्यांचे पाट दिसतायत. तुमचा कुठाय?"

त्याने हातातली मोजपट्टी खिशात घातली आणि पाट आणायला तो घराकडे निघाला.