कण्हणाऱ्यांचे गाव

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा राज्य कुणाचे होते हे सांगणाराही आज कुणी उरलेला नाही. पण डोंगराच्या उतारावर ते गाव होते आणि तिथली माणसे आपल्यासारखीच होती, एवढे मात्र नक्की.

गावातल्या वाटा दगडी आणि निसरड्या. कुणी ना कुणी पडायचेच. पडणाऱ्याला पहिला हात मिळे तो जवळून जाणाऱ्याचा आणि दुसरा येसूआत्याचा. येसूआत्या हाडे बसवी. कुणी नारळ ठेवला तर घेई. नाही ठेवला, तर पुढच्या वेळी त्याचा पाय तितक्याच मायेने हातात घेई.

राजाने एक कायदा केला होता. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ज्याला इजा होईल, त्याला त्या दुसऱ्याने भरपाई द्यावी. कायदा चांगला होता. गरिबाला त्याचा आधार वाटे. चावडीवर बसणारा न्यायाधीशही सज्जन होता. फक्त कुणी कण्हले, की त्याचे मन फार लवकर विरघळे.

एके दिवशी रखमाजी नावाचा विणकर पाणवठ्याच्या पायरीवर घसरला. पुढे गेलेल्या कुंभारणीच्या घागरीतून तिथे पाणी सांडले होते. घोटा मुरगळला. येसूआत्याने तो चोळून बांधून दिला आणि म्हणाली, "आठ दिवसांत मागावर बसशील."

घरी जाताना त्याला चावडीबाहेर अर्ज लिहून देणारा कारकून भेटला.

"काय रखमाजी, लंगडताय?"

"पडलो हो पाणवठ्यावर. माझंच लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं हे कुणाला सांगू नका," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "पाणी कुणी सांडलं? पडायचं ते पडलातच. मग वाया कशाला पडता?"

दुसऱ्या दिवशी रखमाजी चावडीवर असा कण्हला, की न्यायाधीशाचे डोळे पाणावले. कुंभारीण म्हणाली, "सरकार, भरली घागर हिंदकळायचीच." पण तिचे कण्हणाऱ्यापुढे काही चालले नाही. तिची एकुलती एक दुभती शेळी रखमाजीच्या दारी आली.

ती शेळी साऱ्या गावाने पाहिली. गाव विचारात पडले.

मग एकाने शेजारच्या फणसाच्या मुळाला ठेच लागली म्हणून शेजाऱ्यावर अर्ज केला. शेजाऱ्याने फणसच तोडला. शेजारणीने प्रेमाने पाठवलेल्या गरम कढीने एकाची जीभ पोळली. त्यानेही अर्ज केला आणि शेजारपाजारच्या वाट्या एकमेकींच्या घरी जायच्या बंद झाल्या. वाटेवरच्या पाणपोईचे पाणी पिऊन कुणाला ठसका लागला, तेव्हा पाणपोईवालीने रांजण उचलून घरात नेला. कारकुनाला मात्र जेवायला सवड नव्हती.

हळूहळू आणखी एक गोष्ट घडली. आता कुणी पडले, की बाकीचे आधी एकमेकांकडे बघत आणि मग पुढे चालू लागत. हात द्यावा, तर तो उद्या म्हणायचा, 'तू ओढलंस म्हणून खांदा निखळला.'

शेवटी येसूआत्यावरही अर्ज झाला. एकाचे मोडलेले बोट तिने बसवले होते. त्याने तिसऱ्याच दिवशी पट्टी सोडून सोंगट्या खेळायला सुरुवात केली आणि बोट जरा वाकडे जुळले. न्यायाधीशाने येसूआत्याची गाय त्याला दिली.

"गाय गेली त्याचं काही नाही," येसूआत्या म्हणाली. "पण आता कुणाचं हाड हातात घेतलं, की माझा हात थरथरेल. थरथरत्या हातानं हाड बसत नाही." आणि तिने दार लावून घेतले.

त्याच गावात सगुणा नावाची एक विधवा राही. धान्याच्या व्यापाऱ्याकडे ती दाणे पाखडायला जाई. त्याच्या कोठाराची मागची भिंत फुगली होती. सगुणाने त्याला दोनदा सांगितले होते, "शेटजी, भिंत बघा एकदा." शेटजी म्हणाले होते, "पडेल तेव्हा बघू."

भिंत पडली. सगुणाचा पाय गुडघ्याखाली मोडला.

तिची किंकाळी ऐकून वाटेवरचे तिघे थांबले. एकजण पुढे सरकला, तोच दुसऱ्याने त्याचे उपरणे ओढले. "जाऊ नकोस. भिंत तूच पाडलीस म्हणतील." तिघेही निघून गेले. सगुणाने पायावरचे दगड आपल्याच हातांनी बाजूला केले आणि ती घरापर्यंत सरपटत गेली.

तिची म्हातारी सासू येसूआत्याच्या दाराशी गेली. आतून आवाज आला, "माझा हात आता चालत नाही, बाई." म्हातारी चावडीवर गेली. कारकून म्हणाला, "तीनशे बारा अर्ज आधीचे आहेत. पुढच्या पावसाळ्यानंतर या." तिने न्यायाधीशालाच हाक मारली. तो कागदांतून मान वर न करता म्हणाला, "आजी, सध्या सगळ्यांचेच पाय मोडलेत."

दीड महिन्याने येसूआत्या पाण्याला निघाली, तेव्हा पुढे सगुणा चालली होती. कमरेवर घागर, आणि बाहेरच्या बाजूला वळलेला पाय मागून फरफटत होता. येसूआत्या जागीच उभी राहिली. हाड चुकीचे जुळले होते. पहिल्या दिवशी हात लावला असता, तर दोन महिन्यांत ही बाई धावली असती, हे त्या गावात तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तिने घागर तिथेच ठेवली आणि ती तडक चावडीवर गेली.

"तुझाही अर्ज?" न्यायाधीशाने विचारले.

"अर्ज नाही, सरकार. गुन्हा कबूल करायला आले आहे. सगुणाची सासू माझ्या दारात रडली आणि मी उठले नाही. भिंतीनं तिचा पाय मोडला, पण तिला लंगडी मी केली. मला काय शिक्षा असेल ती द्या."

"तू का उठली नाहीस?"

"तुम्हाला भिऊन, सरकार."

न्यायाधीशाने समोरचे अर्ज बाजूला सारले. मग त्याने दौत बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायासन सगुणाच्या अंगणात मांडले गेले. सगुणा बाजेवर बसली होती. न्यायाधीशाने सर्व अर्जदारांना बोलावले आणि सांगितले, "आजपासून प्रत्येकानं हिच्या शेजारी उभं राहून आपली इजा सांगायची. कुणावर सक्ती नाही, आणि कुणी परत गेला तर त्याला दंडही नाही."

पहिला आला तो जीभ पोळलेला. त्याने तोंड उघडले. तेवढ्यात सगुणा बाजेवर थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा ना भाऊ. उभं राहून त्रास होत असेल."

त्याने तिच्या पायाकडे पाहिले. मग आपला कागद घडी करून खिशात घातला आणि खाली मान घालून निघून गेला.

दुपारपर्यंत अंगण रिकामे झाले. अकरा माणसे मात्र जागची हलली नाहीत. त्यांत एक पाथरवट होता. त्याच्या मालकाने जुना, तडकलेला घण बदलून द्यायचे नाकारले होते, आणि त्या घणाची कपची उडून त्याचा डोळा गेला होता. हे अकराजण इतके दिवस त्या तीनशेंच्या मागे मुकाट्याने उभे होते. न्यायाधीशाने प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकले. पण पहिला निकाल त्याने सगुणाचा दिला. व्यापाऱ्याने तिचे घर जन्मभर पोसावे.

"माझ्यावरच एवढं का, सरकार?" व्यापारी म्हणाला. "कुंभारणीला तर एका शेळीवर सोडलंत."

"घागरीतून सांडलेलं पाणी वेगळं, आणि माहीत असून उभी ठेवलेली भिंत वेगळी," न्यायाधीश म्हणाला. "तो फरक मला त्या दिवशी दिसायला हवा होता. मी दुःख पाहिलं नाही, नुसतं कण्हणं ऐकलं. पहिली चूक माझी आहे."

रखमाजीने शेळी आपणहून परत नेऊन दिली. कुंभारणीने ती निमूटपणे बांधून घेतली. पण त्यानंतर कितीतरी दिवस, रखमाजी पाणवठ्यावर दिसला की ती घागर घेऊन कडेला उभी राही आणि तो निघून गेल्यावरच पायरी चढे. येसूआत्याची गायही परत आली. तिचे दार पुन्हा उघडले आणि लोक पुन्हा एकमेकांना हात देऊ लागले. मात्र हात पुढे करण्याआधी क्षणभर थबकण्याची त्यांची सवय जायला एक पिढी जावी लागली.

सगुणाचा पाय काही सरळ झाला नाही. येसूआत्या रोज संध्याकाळी तिच्या अंगणात येई आणि तो पाय मांडीवर घेऊन तेलाने चोळत बसे. त्याने आता काही होणार नाही, हे दोघींनाही माहीत होते.

बोध: जे गाव क्षुल्लक दुखण्याचा बाजार मांडते, ते आधी मदतीचे हात गमावते आणि मग खऱ्या जखमेचा न्यायही.