चौरंगाची कड

"पण आई, बोट गेलं कुठं?"

मठ सांभाळणाऱ्या चिमाआई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बोट तर हितंच हाय," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय की."

"दिसतंय हो. पण त्याला लागत काहीच नाही. दगडावर ठेवा नाहीतर लोण्यावर, सारखंच."

चिमाआईंनी वात तुपात बुडवली आणि दुसरी घेतली.

विचारणारे होते नीळकंठराव बिवलकर, वकील. तालुक्याच्या कोर्टात त्यांच्या उलटतपासणीला भल्याभल्यांना घाम फुटे. पण घरी येऊन काळा कोट खुंटीला टांगला की हा माणूस पडवीत रंधा घेऊन बसायचा. जेवायला दहा हाका माराव्या लागत. कुणी विचारलं तर म्हणत, "दिवसभर बोलतो, संध्याकाळी लाकडाचं ऐकतो." हे वाक्य इतरांपेक्षा त्यांनाच जास्त आवडत असे.

ऐकायचं काम डाव्या हाताच्या तर्जनीचं. उजव्या हातानं रंधा मारायचा आणि मागोमाग ते बोट फिरवायचं. डोळ्यांना जे दिसत नसे, ते त्या तर्जनीला कळे. नीळकंठरावांना तिचा गर्व होता, आणि गर्वाला जागाही होती.

मठातल्या पादुकांसाठी त्यांनी चौरंग करायला घेतला होता, सागवानाचा. एका संध्याकाळी पटाशी निसटली आणि नेमकी त्याच बोटात घुसली.

टाके पडले. हाताला पांढरं गाठोडं बांधून ते तेव्हाही इथंच आले होते. ठणक्यानं रात्र रात्र झोप नव्हती.

"आई, एवढं दुखणं घालवा."

"घालवू?" चिमाआईंनी तेव्हा विचारलं होतं. "समदं?"

"सगळं. नावसुद्धा नको."

त्यांनी बोटाला अंगारा लावला होता. "जाईल," म्हणाल्या होत्या.

आणि दुखणं गेलं... फक्त जाताना एकटं गेलं नाही. जखम भरली, टाके निघाले, बोट वाकायलाही लागलं. पण टोक मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, शीर जोडली आहे, जाणीव येईल हळूहळू. मग जरा थांबून म्हणाले, कदाचित नाहीही येणार.

नीळकंठरावांनी निकाल ऐकून घेतला होता. आज ते रिक्षात घालून सगळंच घेऊन आले होते. अंगणात हत्यारांचं पोतं पडलं होतं, आणि त्याला टेकून तो अर्धा चौरंग.

"ही हत्यारं इथं ठेवा. कुणी सुतारकाम करणारा येईल त्याच्या उपयोगी पडतील."

"आन तू?"

"मी काय... पेपर वाचेन."

थट्टेत म्हणायला गेले, पण थट्टा जमली नाही. मग त्याचाच त्यांना राग आला.

"एक विचारू का आई? चौरंग कुणाचा, तर पादुकांचा. देवाचं काम करताना माझंच बोट कापावं, हा कुठला न्याय?"

"पटाशीला काय म्हाईत, कुनाचं काम चाललंय ते."

चिमाआईंनी वाती बाजूला सारल्या.

"बोट दे. डोळे मीट."

त्यांनी बोट पुढं केलं.

"काय हाय?"

नीळकंठराव थांबले. तुपाचा वास आला. "कापूस."

"आन आता?"

राखेचा वास ओळखीचा होता. "अंगारा."

"आता?"

या खेपेला वास आला नाही. पण तांब्या चिमाआईंच्या उजव्या हाताशी होता, ते त्यांनी बसतानाच पाहून ठेवलं होतं. परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा होता.

"पाणी," ते ठामपणे म्हणाले. "गार आहे."

"डोळे उघड."

त्यांनी उघडले. चिमाआईंचे दोन्ही हात स्वतःच्याच मांडीवर होते. तांब्या होता तिथंच होता, आणि बोट कोरडं ठणठणीत.

नीळकंठरावांचे कान तापले.

...

"लागत नाही," अखेर ते म्हणाले. "खरंच काही लागत नाही हो, आई."

आणि ते रडले. पिकल्या केसांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून रडला. कोर्टातल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता. चिमाआईंनी त्यांना अडवलं नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. त्या पुन्हा वाती वळत राहिल्या.

मग म्हणाल्या, "झालं? चल आता. चौरंग आत घे. पादुका ठिवू त्याच्यावर."

"अर्धाच आहे तो. एका बाजूला रंधासुद्धा फिरलेला नाही."

"असू दे. पादुकांना कुठं टोचतंय."

"पण लोक हात लावणार, डोकं टेकणार. असं काम माझ्या हातचं..."

"वकील हायस का हमाल? उचल म्हनलं की उचलावं."

नीळकंठरावांनी निमूट उचलला. मठाचं दार बुटकं आणि अरुंद. चौरंग आडवा जाईना, म्हणून त्यांनी तो उभा वळवला. वळवताना लाकूड डाव्या हातातून घसरलं.

"स्स्स... आई गं!"

चौरंग उंबऱ्यावर आदळला.

"ही काय कड आहे?" नीळकंठराव कडाडले. "रंधा न मारता अशी सोडतात? लाकडाची काही लाज आहे की नाही? कोण गाढव..."

आवाज मध्येच थांबला. गाढव कोण, हे आरोपीला चांगलं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी काम जिथं थांबलं होतं, तीच ही कड.

पण लाज वाटायलाही त्यांना सवड नव्हती. ते उंबऱ्यापाशी उकिडवे बसले होते आणि कडेवरून बोट फिरवत होते.

"इथून... इथंवर ठीक आहे. हां, इथं उठलंय. इथं तर फारच..."

तसेच उठून ते अंगणात गेले. पोत्याची गाठ सोडली, चाचपून रंधा काढला. परत येऊन त्यांनी चौरंग गुडघ्यात धरला, रंधा कडेला लावला...

आणि थबकले.

त्यांनी रंधा खाली ठेवला. डावा हात उजेडात धरला. तर्जनीच्या टोकात सागवानाचं बारीकसं कुसळ उभं होतं, आणि त्याच्या बुडाशी रक्ताचा एक थेंब.

"आई," ते हळूच म्हणाले, कुणी जागं होऊ नये अशा बेतानं.

"काय रे?"

"दुखतंय."

...

"दुखतंय हो, आई! चांगलं सणकून दुखतंय!"

ते हसत होते, की पुन्हा रडत होते, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. एवढा आनंद त्यांना कुठला खटला जिंकूनही झाला नव्हता. ते बोट त्यांनी आपल्याच दुसऱ्या हातात धरलं होतं, नवंच कुणीतरी दिल्यासारखं.

चिमाआई उठून आल्या. गळ्यातल्या माळेला अडकवलेली पिन त्यांनी काढली, पदराला पुसली. नीळकंठरावांचा हात उजेडाकडे वळवला आणि पिनेचं टोक कुसळाच्या अगदी जवळ नेलं.

आणि तिथंच थांबल्या.

"काय रे नीळकंठा," त्या म्हणाल्या, "घालवू... का बसू दे घटकाभर?"