राजाची तिसरी भट्टी

एका राज्यात, जिथे डोंगर रात्री कूस बदलत आणि पाखरे माणसांशी बोलत, तिथे माणसाचा मान साखरेत मोजत असत. तेवढ्याच मैद्यात शिपायाच्या नानकटाईला एक वाटी साखर, प्रधानाच्या दोन आणि राजघराण्याच्या चार. कोणाला किती गोड आवडते, हे कोणी विचारीत नसे.

एकदा एक जादूगार पाहुणा आला. म्हणाला, "मला साखर बेताची घाला."

राजा मकरध्वज हसला. "छे, छे! मग तुमचा मान कसा राहायचा?"

चार वाट्यांची नानकटाई पुढे आली. जादूगाराने एक घास कसाबसा गिळला, घागरभर पाणी प्याला आणि शाप दिला.

"राजा, तुझी लेक पायांपासून साखरेची होत जाईल. तू स्वतःच्या हाताने तीनदा नानकटाई भाज. तिने आपणहून दुसरी मागितली, तर शाप उतरेल. नाही तर ती आहे आणि मुंग्या आहेत."

राजकन्या मृणालिनीची पावले तिथेच पांढरी झाली. शिपाई कुंचे घेऊन मुंग्या हाकू लागले.

राजाने बाह्या सारल्या. लाडक्या लेकीसाठी चारांच्या पाच वाट्या केल्या. नानकटाई भट्टीत पसरली, कडेने करपली. राजकन्येने एक तुकडा खाल्ला आणि तोंड फिरवले. साखर गुडघ्यांवर चढली.

राजा घाबरला. दुसऱ्या खेपेला त्याने साखर घातलीच नाही. नानकटाई फिकट निघाली, दगडासारखी टणक. राजकन्येला ती चावेचना.

धुराड्यावर एक मैना बसली होती. ती म्हणाली, "राजा, ही किल्ल्याच्या भिंतीला लाव. साखरेने नुसता गोडवा येत नाही, रंग आणि खुसखुशीतपणाही येतो."

साखर गळ्याशी आली. राजा परात घेऊन लेकीपाशी बसला.

"बाळ, तुला गोड किती लागते?"

"आबा, हे मला कधी कोणी विचारलेच नाही. मला तरी कुठे ठाऊक?"

"मग चाखून ठरवा," मैना म्हणाली. "घातलेली साखर काढता येत नाही. थोडी घाल, मग वाढव."

राजाने तुपात एक वाटी साखर फेसली, मैदा मिसळला आणि बोटभर पीठ तिच्या जिभेला लावले.

"अजून थोडी, आबा."

त्याने मूठभर वाढवली.

"अजून चिमूटभर... बास!"

प्रधान दचकला. "महाराज, ही तर दोन वाट्याही भरली नाही! राजकन्येचा मान माझ्याहून खाली?"

"मान जाऊ दे, प्रधानजी. लेक राहू दे."

भट्टीतून नानकटाई निघाली, सोनेरी, अंगावर बारीक भेगा पडलेली. राजाने ती फुंकून निववली आणि लेकीला भरवली. ती सावकाश चावत राहिली. शिपायांचे कुंचे थांबले.

"आबा," ती म्हणाली, "आणखी एक."

खळकन साखर गळून पडली. राजकन्या उठली आणि परातीतली दुसरी नानकटाई तिने स्वतःच उचलली.

तेव्हा प्रधान हळूच राजाच्या कानाशी लागला. "महाराज, खरे सांगू? मलाही एकच वाटी पुरते."

"अहो, मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?"

"विचारले कोणी?"

राजा इतका हसला, की मैदा उडून त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. त्या दिवसापासून त्या राज्यात भट्टी पेटण्याआधी खाणाऱ्याला विचारतात. तिथे साऱ्यांचे तोंड गोड झाले. तसे तुमचेही होवो, तुम्हाला हवे तेवढेच.