महाराजांचा वाटा

पुन्हा तीच गोष्ट! दहादा सांगून झाली, तरी घसा माझाच कोरडा करायचा. बरं, ऐका. आणि मध्ये 'मग काय झालं' विचारू नका. मग काय झालं तेच सांगतोय.

शंखपुरीच्या हेकट राजाने हुकूम काढला, "आठ दिवसांत किनाऱ्यावरची सगळी खोपटी उठवा!" कारण काय, तर दिवाणाने तिथे मौजनगर वसवलं होतं. लांबलांबचे सावकार यायचे, हवा खायचे, पैसे सांडून जायचे. वाळूवर बसायला पैसे, माडाच्या सावलीला पैसे, सूर्य बुडताना बघायचा तर त्याचे निराळे. ढग आले तर तुमचं नशीब, पैसे परत नाहीत!

ती वाळू झाडायला चांगुणा होती. बाप रापणकर, म्हणजे दहा-वीस माणसं जमवून किनाऱ्यावरूनच मोठं जाळं ओढणारा. उठणाऱ्या खोपटांत त्यांचंही एक. राजा फेरफटका मारायला आला तशी ती झाडू टाकून आडवी उभी राहिली.

"महाराज, आम्ही जायचं कुठे?"

"डोंगरापलीकडे! समुद्राची मौज पैसेवाल्यांची. फाटक्यांना ती काय कळणार?"

"फाटकेच तर रोज करतात! एका ढब्बू पैशात तुम्हाला दिवसभर करून दाखवू?"

दिवाण फिसकन हसला. राजाला मात्र चेव आला. "दाखव! उद्या सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत. एक ढब्बू. उधारी नाही, भीक नाही, फुकटचं मी काही घेणार नाही. मला मौज आली तर खोपटी राहतील. नाही आली, तर तिथल्या तिथे मोडतील!"

"आली की नाही, हे ठरवणार कोण?"

"मीच!"

बापाने कपाळावर हात मारून घेतला. "अगो, गेलं घर! मौज आली तरी तो आली म्हणेल होय?" पण चांगुणा शब्द तर देऊन बसली होती.

सकाळी राजा आला. मागोमाग दिवाण. वाळूत पाऊल पडतंय न पडतंय तोच दिवाणाने तोंड उघडलं. "इथे उभं राहायचा दर..." चांगुणाने ढब्बू फेकून पानवाल्याकडून हा एवढा थोरला विडा घेतला आणि दिवाणाच्या तोंडात कोंबला. गाल टम्म! बोलायची सोयच उरली नाही.

"संपला ढब्बू!" राजा टाळी वाजवून म्हणाला. "आता काय करशील?"

"आता शांतता आहे ना, महाराज? चला, आंघोळ."

"समुद्रात? फुकट?"

"समुद्र तुमचाच ना? आपल्या घरात न्हायला कोण पैसे मोजतं?"

राजा उतरला. लाटेने दोनदा उपडा पाडला, एकदा पागोटं नेलं. बाहेर आला तेव्हा डोळे लाल आणि दात दिसत होते. "कसं वाटलं?" तिने विचारलं. राजाने चटकन दात झाकले. "ठीक."

ऊन चढलं. राजाच्या पोटात कावळे कोकलू लागले. तिकडे चांगुणाच्या बापाने रापण लावली होती. दोन दोर, प्रत्येक दोराला दहा माणसं, मागे मागे सरत ओढतायत.

"मासे मिळतील ना?" राजाने विचारलं.

"मिळतील की. इथली रीत सोपी आहे. दोराला हात लावला त्याला वाटा. वाटसरू असो की गोसावी."

"म्हणजे राजाने दोर ओढायचा?"

"नका ओढू. पण फुकटचं घेणार नाही, हे तुम्हीच म्हणालात!"

राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, धोतर खोचलं आणि दोर धरला. घटकाभरात तो बाकीच्यांवरच खेकसायला लागला. "ओढा रे! सकाळी जेवला नाहीत काय? ए दिवाण, लाग मागे!"

जाळं आलं. चांदीसारखे बांगडे! वाटे पडले, तर राजा कमरेवर हात ठेवून भांडायला उभा. "याला मोठा बांगडा आणि मला ही बोटाएवढी पिल्लं? तळहात बघा माझे, सोलून निघालेत!"

"हात सगळ्यांचेच सोलतात, बाबा," बाप म्हणाला. "पुढच्या खेपेला जास्त जोर लाव."

वाटा नारळाच्या सोडणांवर भाजला. राजाने काटेसुद्धा चोखले, बोटं चाटली. पण "मौज आली?" म्हटलं की मान ताठ. "छे! ठीक होतं."

सूर्य टेकला. जाळं पुन्हा पाण्यात पडलेलं, आणि राजा न बोलावता दोराला सगळ्यांत पुढे! दिवाणाच्या तोंडातला विडा एव्हाना संपला होता. "महाराज, वेळ झाली! खोपटी मोडायला माणसं बोलावू?"

बाप खाली बसला. चांगुणा मात्र पालखीवाल्यांकडे धावली. "आणा रे पालखी! महाराजांना मौज नाही आली, कंटाळलेत बिचारे. महाराज, सोडा तो दोर. बसा पालखीत."

"गप्प बस!" राजा गरजला. "अर्धं जाळं आत आलंय, जड लागतंय, आणि दोर सोडू? वेडी आहेस काय? न्या ती पालखी मागे!"

"का हो? कंटाळलेला माणूस पालखी परत पाठवतो होय?"

ओढणारे थबकले. राजाने हातातल्या दोराकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं. आधी मिशी हलली, मग पोट. असा हसला असा हसला, की दोराबरोबर दोन पावलं पाण्यात ओढला गेला.

"हरलो, पोरी! खोपटी राहतील, किनाराही तुमचा. उद्याच ताम्रपट देतो. या दिवाणाला झाडू दे. आणि तुला काय हवं ते माग!"

"मागेन सावकाश. आधी ओढा, महाराज! मासे निसटतायत!"

आता, ही गोष्ट ऐकून 'राजा कधी दोर ओढतो काय' असं भर बाजारात ओरडून ज्याने मला खोटारडा ठरवलं, तो गणपत मिठबावकर माफी मागायला अजून आलेला नाही.