ओठावरचं तेल आणि उंबरातली परी

या, या, अश्शा जवळ सरकून बसा. आणि आधी मला सांगा, सगळ्यांची पोटं भरलीत ना? खरं सांगायचं हं! उगीच माना डोलवायच्या नाहीत. का विचारतेय, ते गोष्ट संपली की कळेल.

वेळूवाडी नावाचं एक इवलंसं, हिरवंगार गाव होतं. चहूकडे बांबूची बेटं, मधून खळखळ वाहणारा चिमुकला ओढा, ओढ्याकाठी लाल कौलांची शाळा आणि शाळेच्या खिडकीला टेकलेलं उंबराचं भलंमोठं झाड. त्या गावात सोनकी राहायची. आठ वर्षांची पिटुकली पोर, पिवळाधमक परकर, दोन घट्ट वेण्या आणि टपोरे काळेभोर डोळे. तिची आई बुरुडकाम करायची. बांबू चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, टोपल्या, सुपं, परड्या विणायच्या आणि बाजारात न्यायच्या. टोपल्या खपल्या की संध्याकाळी गरम भाकरी. नाही खपल्या की अर्धीच भाकरी. सकाळी मात्र चूल गारच असायची. सोनकीनेही एक चिमुकली परडी विणली होती, जराशी वाकडीच. तिच्यात पाटी ठेवून ती शाळेत जायची.

आई मोठी मानी बाई हो! रोज सोनकीची वेणी घातली की तेलाचं बोट हळूच तिच्या ओठांवरून फिरवायची. ओठ कसे चकचकीत दिसायचे, आत्ता पोटभर जेवून उठल्यासारखे.

"कुणी विचारलं जेवलीस का, तर काय सांगायचं?" आई विचारायची.

"जेवले म्हणून सांगायचं."

"शहाणी माझी बाय. घरातलं घरात राहू दे."

शाळेत कासारबाई होत्या, स्वभावाने अगदी मऊ. प्रार्थना झाली की त्या रोज विचारायच्या, "काय रे मुलांनो, न्याहारी झाली का?" आणि सगळी मुलं एका सुरात ओरडायची, "होऽऽऽ बाई!" कौलांवरच्या चिमण्या भुर्रकन उडायच्या. बाई खूश व्हायच्या आणि पुस्तक उघडायच्या.

मग सुरू व्हायचा सोनकीचा छळ. फळ्यावरची अक्षरं हलायला लागायची. 'क' 'फ'च्या अंगावर चढायचा, काना वेलांटीत अडकायचा. चार साते अठ्ठावीस इथवर पाढा यायचा आणि पुढचं सगळं गडप! डोकं जड, हात गार, पोटात नुसते कावळे ओरडायचे. तिच्या शेजारी बसणारी तानी काही विचारायला गेली की सोनकी फिस्कारायची, "गप बस ना गं!" आणि मग तिचं तिलाच रडू यायचं.

"सोनके, लक्ष कुठे असतं तुझं?" बाई म्हणायच्या. मुलं तिला 'ढ' म्हणायची.

ढ कसली डोंबलाची! भलती हुशार पोर होती ती. संध्याकाळी अर्धी भाकरी पोटात गेली की ओढ्यातले मासे मोजायची आणि एक चुकायची नाही. रिकाम्या पोटी धडे शिकून दाखवा म्हणावं एकदा! मला तर आजही तो 'ढ' आठवला की संताप येतो.

आणि येता शनिवार फार मोठा होता. नदीपलीकडे एक मोठी शाळा होती, तिथे पुस्तकांनी भरलेली एक अख्खी खोली होती. शनिवारी जो एक पान न अडखळता वाचेल, त्याला कासारबाई त्या शाळेत पाठवणार होत्या. सोनकीला तिथली सगळी पुस्तकं वाचायची होती आणि मोठेपणी बाई व्हायचं होतं. यंदा राहिली की राहिलीच, कारण पुढच्या वर्षापासून ती घरी बसून कामट्या सोलणार होती. आईने तसं सांगूनच टाकलं होतं.

बुधवारी संध्याकाळी सोनकी उंबराखाली अर्धी भाकरी घेऊन बसली. भाकरी केवढीशी असो, पहिला घास ती चिमणीसाठी पानावर बाजूला काढायचीच. तिची आई तसं करायची म्हणून तीही करायची. "चिमणाबाई, घ्या," म्हणायची आणि मग आपण खायची.

त्या दिवशी चिमणी आलीच नाही. डोक्यावर एक पिकलेलं उंबर टपकन फुटलं आणि त्यातून, अहाहा, गुलाबी उजेडाचा एक लख्ख ठिपका खाली उतरला! बोटभर उंचीची परी होती ती. पोपटी झगा, गुलाबी पंख, केसांत सोनेरी कण. उंबराचं फूल कधी कुणी पाहिलंय का? नाही ना? तिथेच तर ती राहायची.

"इतके दिवस तुझा घास मीच खातेय बरं का," परी हसून म्हणाली. "आता तू माग. तीन गोष्टी माग. पण दोन नियम आहेत. तू मागितल्याशिवाय मला काही देता येत नाही. आणि त्या दिवशी खोटं बोललेल्या तोंडाने मागितलंस, तर ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकेल."

"मी नाही कधी खोटं बोलत!" सोनकी ठसक्यात म्हणाली. "परीताई, अक्षरं माझ्या डोक्यात नीट बसू देत."

परीने तिच्या कपाळाला पंख टेकवला. गुरुवारी सकाळी काय चमत्कार! सोनकीने धडा घडाघडा वाचला, पाढे म्हटले. बाई म्हणाल्या, "अगं बाई, शाब्बास!" तानीने टाळ्या वाजवल्या. पण सूर्य डोक्यावर आला आणि अक्षरं एकेक करून निसटली. वाचता वाचता सोनकी गप्प झाली. तानी हळूच पुढचा शब्द सांगायला गेली, तर सोनकीने तिची पेन्सिल ओढून घेतली आणि मोडून टाकली. तानीचे डोळे भरून आले.

संध्याकाळी सोनकी मुसमुसत उंबराखाली गेली. "परीताई, मी वाईट झालेय. माझा हा राग घालवून टाक."

परीने तिच्या गालाला पंख टेकवला. शुक्रवारी सोनकी सकाळभर खुदूखुदू हसली, तानीला "चुकलं माझं" म्हणाली. पण दुपार झाली आणि पुन्हा तेच, कारण नसताना रडू आणि तेही थांबता थांबेना.

"तू मला फसवतेस!" संध्याकाळी ती परीवर चिडली. "मी खोटं बोललेच नाही!"

परी रागावली नाही. तिने चिमुकलं बोट सोनकीच्या ओठांवरून फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट चकचकत होतं. "हे तेल कसलं गं बाळे?"

"आई लावते. जेवल्यासारखं दिसावं म्हणून..." सोनकी बोलता बोलता थांबली. "पण ते काही खोटं नव्हे! आमच्यात तसंच सांगतात."

"सांगत असतील. पण तुझ्या पोटाला खरं माहीत आहे ना? राणी माझी, तू अक्षरं मागितलीस, हसू मागितलंस. भाकरी मात्र एकदाही मागितली नाहीस." परीचा आवाज मऊ झाला. "आता एकच मागणं उरलं."

शनिवार उजाडला. वेणी घालून झाली आणि आईचं बोट ओठांकडे आलं, तेव्हा सोनकीने तोंड बाजूला केलं. "आज तेल नको, आई."

"का गं? लोक काय म्हणतील?"

"मला मोठ्या शाळेत जायचंय, आई. आणि मला भूक लागते. रोज लागते."

आईचं बोट तसंच हवेत राहिलं. पदरालाच तिने ते पुसलं आणि सोनकीच्या हातात परडी दिली.

शाळेत प्रार्थना झाली. बाईंनी विचारलं, "काय रे मुलांनो, न्याहारी झाली का?"

"होऽऽऽ बाई!" चिमण्या उडाल्या. सोनकी मात्र उभी राहिली. आज तिचे ओठ कोरडेच होते, तेल नव्हतं.

"नाही, बाई. माझी नाही झाली. माझी कधीच झालेली नसते."

सोनकीला वाटलं, आता सगळे हसणार, आईची मान खाली जाणार. आणि शेजारून एक बारीक आवाज आला, "माझी पण नाही, बाई." तानी होती ती! रोज हसतमुख असणारी तानी. मग मागच्या बाकावरून एक "नाही" आला, मग दाराजवळून एक. बघता बघता नऊ मुलं उभी राहिली, आणि सोनकी सोडून बाकी आठांच्या ओठांवर तेल होतं.

कासारबाई मटकन खुर्चीत बसल्या. "आणि मी तुम्हाला लक्ष द्या, लक्ष द्या म्हणून ओरडत राहिले," त्या म्हणाल्या. "लहानपणी मीसुद्धा 'हो' म्हणायचे रे. कशी विसरले मी!" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात खिडकीतल्या उंबराच्या फांदीवर गुलाबी उजेड चमकला. आता तो सगळ्यांनाच दिसला.

"आज तुझं तोंड खरं आहे, सोनकी," परी म्हणाली. "आज मागशील ते कायम टिकेल. काय देऊ?"

सोनकीने टेबलावरच्या पुस्तकाकडे पाहिलं. ते पान वाचता येणं मागितलं तर मोठी शाळा तिची होती, अगदी कायमची. मग तिने तानीकडे पाहिलं, तिचा हात धरला. तो गार पडला होता. असा हात कसा होतो, ते सोनकीला पुरतं ठाऊक होतं.

"परीताई, सकाळी ह्या शाळेत कुणाचंच पोट रिकामं राहू नये."

परी इतकी हसली की तिच्या पंखांतून सोनेरी कणांचा सडा पडला, थेट सोनकीच्या वाकड्या परडीत. आणि परडीतून वाफ यायला लागली! गरमगरम, टम्म फुगलेल्या भाकऱ्या, वर लोण्याचा इवलासा गोळा. मोजल्या तर बरोब्बर नऊ.

"आता परडीचा नियम ऐका," परी म्हणाली. "रोज सकाळी विचारायचं. जितके खरे 'नाही', तितक्या भाकऱ्या. कुणी भूक लपवली, तर त्याची भाकरी येणार नाही."

दारात कुणीतरी हुंदका दिला. सोनकीची आई होती. लेकीच्या मागोमाग आली होती आणि सगळं ऐकत उभी होती. बाईंनी उठून तिचा हात धरला. "सोनकीच्या आई, तुमची झाली का न्याहारी?"

आईने मान खाली घातली, मग हळूच वर केली. "नाही, बाई." आणि परडीत टप्पकन दहावी भाकरी!

सगळे खळखळून हसले. परीने सोनकीच्या नाकाच्या शेंड्यावर पंख टेकवला. गुलाबी, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र लख्ख उजेड वर्गभर पसरला. डोळे उघडले तेव्हा फांदीवर फक्त पानं हलत होती.

खाऊन झाल्यावर बाईंनी पुस्तक पुढे केलं. सोनकीने पाहिलं, तर 'क' जागच्या जागी, काना सरळ उभा, वेलांटी आपल्या जागी. कुठली जादू नव्हती हं त्यात, पोट भरलं होतं, एवढंच! तिने अख्खं पान वाचलं. तानीनेही वाचलं. आणखी दोघांनी वाचलं. दरवर्षी जेमतेम एक जण जायचा, त्या वर्षी चौघं नदीपार गेली. तानीला सोनकीने नवी पेन्सिल दिली, ते सांगायचं राहिलंच.

पुढे काय झालं? पुढे सोनकीने ती खोलीभर पुस्तकं वाचून काढली आणि वेळूवाडीच्या शाळेत बाई होऊन आली. एके दिवशी एक नवी मुलगी कोपऱ्यात येऊन बसली. सोनकीबाईंनी विचारलं, "न्याहारी झाली का?" नवी मुलगी घाईघाईने म्हणाली, "हो, बाई." तिचे ओठ चकचकत होते.

सोनकीबाई तिच्यासमोर खाली बसल्या. पदराच्या टोकाने तिचे ओठ हलकेच पुसले. "आता सांग, बाळा."

मुलीने टेबलावरच्या वाकड्या परडीकडे पाहिलं. "नाही," ती पुटपुटली.

परडीत टप्पकन एक भाकरी आली. मुलीने ती दोन्ही हातांत धरली, पहिला घास मोडला आणि विचारलं, "बाई, हा चिमणीला ठेवू?"

"खिडकीत ठेव," सोनकीबाई म्हणाल्या. "उंबराच्या बाजूला."